वर्दी आणि नक्कल

रस्त्यावर मोटारीचा अपघात घडला, की त्याच्या खुणा फार काळ टिकत नाहीत. फुटलेली काच झाडली जाते, डागाळलेली धूळ रहदारीच्या चाकांखाली मिसळून जाते, मोडकी गाडी ओढून नेली जाते, आणि जमलेली माणसे घटका-अर्ध्या घटकेत आपापल्या वाटेला लागतात. ज्याला इजा झाली तो रुग्णालयात बेशुद्ध असतो. ज्याचा जीव गेला त्याचे घर शोकात बुडालेले असते. अशा वेळी घडले ते कोठे, केव्हा आणि कोणाच्या हातून घडले, हे सांगणारी एकच वस्तू मागे उरते. ती म्हणजे पोलिसांनी लिहिलेला कागद. पुढे न्यायालय, विमा कंपनी, सरकारी कचेरी यांपैकी कोणाचेही दार ठोठवावयाचे झाले, तर पहिला प्रश्न येतो तो त्या कागदाचाच.

हा कागद लिहिण्याची पद्धत आपल्या देशात दीडशे वर्षांहून जुनी आहे. परंतु तो कागद कोणाचा, सरकारचा की ज्याच्यावर आघात झाला त्याचा, या प्रश्नाचे उत्तर कायद्याने फार सावकाश दिले. त्या सावकाश मिळालेल्या उत्तराचा इतिहास थोडक्यात पाहण्याजोगा आहे. कारण त्या इतिहासातच आजच्या सामान्य माणसाच्या अडचणींचे मूळ आहे.

प्रथम शब्दांचा विचार करू. महाराष्ट्रात आपण पोलिसांत ‘वर्दी देतो’ किंवा ‘फिर्याद नोंदवतो’; उत्तर हिंदुस्थानात ‘रपट लिहवतात’. घटनास्थळी पंचांना बोलावून जे टिपण केले जाते त्याला आपण ‘पंचनामा’ म्हणतो. हेच टिपण कर्नाटकात, तमिळनाडूत आणि केरळात ‘महजर’ या नावाने ओळखले जाते. मराठी इतिहासाच्या वाचकाला हा शब्द ऐकून जुनी ओळख पटल्यासारखे वाटेल. ‘हजर’ आणि ‘महजर’ हे एकाच धातूचे शब्द. जे हजर होते त्यांच्या साक्षीने झालेला कागद तो महजर. शिवकाळात आणि पेशवाईत वतनाचा तंटा गोतसभेपुढे आला, की वादी-प्रतिवादींचे करीने आणि साक्षी होत, निर्णय होई, आणि त्याचा महजर लिहिला जाई. त्यावर पाटलाच्या नांगराची, कुलकर्ण्याच्या लेखणी-दौतीची, बलुतेदारांच्या आपापल्या हत्यारांची निशाणी उमटे.

या जुन्या महजराची एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. तो कागद घरात राही. ज्याचा हक्क शाबीत झाला, त्याच्या घरच्या दप्तरात तो रुमालात बांधून पिढ्यान्‌पिढ्या जपला जाई. म्हणूनच आज इतिहाससंशोधकांना वतनदारांच्या घराण्यांतून असे शेकडो कागद हाती लागले. गावाची साक्ष आणि ती ज्याच्या उपयोगाची, तो माणूस या दोहोंत फार अंतर नव्हते. ती व्यवस्था निर्दोष होती असे सुचवावयाचे नाही. जातीची आणि वतनाची उतरंड तिच्या अंगात भिनलेली होती. तथापि कागद कोणाकडे राहावा, याविषयी तिचे उत्तर स्पष्ट होते.

इंग्रजी अमलात हे अंतर वाढले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, अवघ्या सहा वर्षांच्या आत, आपल्या देशात दोन निरनिराळ्या कायदेशीर प्रवाहांचा उगम झाला. पहिला प्रवाह भरपाईचा. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली आणि १८५५ साली प्राणांतिक अपघातांचा कायदा आला. दुसऱ्याच्या चुकीने माणूस मेला तर त्याच्या कुटुंबाला कोणत्याही न्यायालयात दावा लावण्याची तोवर सोय नव्हती, ही गोष्ट त्या कायद्याने प्रस्तावनेतच मान्य केली. आणि पती, पत्नी, आईबाप व मुले यांच्यासाठी नुकसानभरपाईचा दिवाणी मार्ग खुला केला. दुसरा प्रवाह गुन्ह्याचा. १८६० साली दंड संहिता झाली आणि १८६१ साली फौजदारी कामाची पहिली संहिता झाली. या १८६१ च्या संहितेने पोलीस ठाण्यावर आलेली प्रत्येक तक्रार वा खबर लेखी घेण्याचे आणि तिचा सारांश दैनंदिनीत नोंदण्याचे बंधन ठाणे अंमलदारावर घातले.

हे दोन प्रवाह शेजारून वाहत राहिले. परंतु त्यांचा संगम घडविण्याचे कोणाच्या मनात आले नाही. गुन्ह्याचा कागद दंडाधिकाऱ्याकडे जाई, कारण तो सरकार विरुद्ध आरोपी अशा खटल्यासाठी लिहिलेला असे. भरपाईचा दावा विधवेने दिवाणी न्यायालयात, कोर्ट-फी भरून, स्वतःच्या पुराव्यावर चालवावा अशी अपेक्षा होती. तिचा सर्वांत मोठा पुरावा तर ठाण्याच्या कपाटात होता.

१८८२ च्या संहितेत ही नोंद अधिक नेमकी झाली. तोंडी सांगितलेली खबर अंमलदाराने लिहून घ्यावी, ती खबर देणाराला वाचून दाखवावी, तिच्यावर त्याची सही घ्यावी आणि तिचा सारांश विहित पुस्तकात उतरावा, असे तिच्या १५४ व्या कलमाने सांगितले. हेच कलम, हाच अंक कायम ठेवून, १८९८ च्या आणि १९७३ च्या संहितेत उतरले. आपण ज्याला ‘प्रथम खबर’ म्हणतो आणि लोक ज्याला ‘एफआयआर’ या आद्याक्षरांनी ओळखतात, तो हाच कागद; ते लोकप्रिय नाव मात्र या कलमाच्या शब्दांत नाही. वाचून दाखविण्याचा नियम लहान दिसतो. पण निरक्षरांच्या देशात त्याचे मोल मोठे होते. सांगणाऱ्याने एक सांगावे आणि लिहिणाऱ्याने दुसरेच लिहावे, असे होऊ नये म्हणून घातलेली ती चौकट होती. परंतु लिहिलेल्या कागदाची नक्कल सांगणाऱ्याच्या हाती द्यावी, असे मात्र १८८२ च्या किंवा १८९८ च्या संहितेने म्हटले नाही. त्याने सांगावे, ऐकावे, सही करावी आणि घरी जावे.

मोटार अजून यावयाची होती. बेदरकारपणे वाहन हाकण्याचा गुन्हा दंड संहितेच्या २७९ व्या कलमात पहिल्यापासून होता, आणि निष्काळजीपणाने मृत्यू घडविण्याचे ३०४-अ हे कलम १८७० साली जोडले गेले. ही कलमे लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे घोडागाडी आणि बैलगाडी असणार. विसाव्या शतकाच्या प्रारंभी मोटारी आल्या आणि त्याच कलमांखाली त्यांचे खटले चालू लागले. १९१४ साली सबंध ब्रिटिश हिंदुस्थानासाठी मोटार गाड्यांचा पहिला कायदा झाला. अपघात झाल्यास चालकाने गाडी थांबवावी आणि आपले नाव व पत्ता सांगावा, इतकी माफक शिस्त त्याने घातली.

खरा बदल १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने घडविला. अपघातानंतर जखमी माणसाला औषधोपचार मिळवून देण्याची खटपट चालकाने करावी, आणि जागेवर पोलीस नसेल तर जवळच्या ठाण्यावर जाऊन शक्य तितक्या लवकर, फार तर २४ तासांच्या आत, घडलेली हकीकत सांगावी, असे त्याने ठरविले. म्हणजे वर्दी देण्याचे ओझे प्रथमच, निःसंदिग्धपणे, गाडी हाकणाऱ्याच्या खांद्यावर आले. त्याच कायद्याने तिऱ्हाइताच्या नुकसानीसाठी विमा सक्तीचा केला. ते प्रकरण प्रत्यक्ष अमलात आले १ जुलै १९४६ पासून.

या विम्याने पोलिसांच्या कागदाचे मोलच पालटले. तोवर अपघात करणारा चालक बहुधा नोकर असे, त्याच्याकडून भरपाई वसूल होण्याची आशा नसे, आणि मालक कोण हे शोधणे अवघड जाई. आता गाडीचा क्रमांक कळला की मालक कळे, मालक कळला की विमा कंपनी कळे, आणि विमा कंपनी कळली की निकालाचे पैसे देणारे कोणी तरी समोर उभे राही. चार-सहा अक्षरांच्या आणि आकड्यांच्या त्या क्रमांकात एखाद्या घराची पुढची दहा वर्षे सामावलेली असत. तो क्रमांक टिपलेला असे ठाण्यातल्या कागदावर. कायद्याला ही गोष्ट उमगली होती. भरपाईचा हक्क सांगणाऱ्याने मागणी केल्यास नोंदणी अधिकाऱ्याने किंवा ठाणे अंमलदाराने, ठरलेली फी घेऊन, गाडीच्या ओळखीच्या खुणा आणि ती चालविणाऱ्याचे नाव-पत्ता त्याला कळवावा, अशी तरतूद १९३९ च्या कायद्यात आली. अपघाताच्या कागदाने पीडिताकडे तोंड वळविल्याची ही पहिली स्पष्ट खूण म्हणावयास हरकत नाही. मात्र त्याला तीन अटी होत्या: मागावे लागे, पैसे भरावे लागत, आणि असा हक्क आहे हे ठाऊक असावे लागे. तिसरी अट कायद्यात कोठेही लिहिलेली नव्हती. पण तीच सर्वांत कठीण होती.

स्वातंत्र्यानंतर, १९५६ च्या दुरुस्तीने, मोटार अपघातांच्या दाव्यांसाठी वेगळी न्यायाधिकरणे नेमण्याची सोय झाली. दिवाणी न्यायालयाचा लांबचा वळसा टळावा हा तिचा हेतू होता आणि तो स्तुत्य होता. परंतु अर्ज करण्याची मुदत पहिल्यांदा ठेवली होती अवघी ६० दिवसांची. सुतकाचे दिवस, रुग्णालयाच्या फेऱ्या, कमावत्या माणसाविना चाललेला संसार आणि त्यातच ठाण्यावरून कागदांच्या नकला मिळविण्याची धावपळ, एवढे सारे त्या ६० दिवसांत उरकावयाचे. पुढे ही मुदत सहा महिन्यांची झाली. १९८८ च्या कायद्यानेही सहाच महिने ठेवले, १९९४ च्या दुरुस्तीने मुदतीचे बंधन अजिबात काढून टाकले, आणि २०१९ च्या दुरुस्तीने सहा महिन्यांची मर्यादा पुन्हा आणली. ती १ एप्रिल २०२२ पासून लागू करण्यात आली. मुदतीचा हा हेलकावा पाहिला म्हणजे नक्कल वेळेवर मिळणे हा निव्वळ सोयीचा प्रश्न नव्हता, हे ध्यानात येईल. कागदाला उशीर होणे म्हणजे कित्येकदा हक्कच बुडणे.

पोलिसांच्या बाजूचीही एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. अपघाताचा कागद म्हणजे एकच कागद नव्हे. त्यात प्रथम खबर असते, घटनास्थळाचा पंचनामा आणि नकाशा असतो, मृत्यू झाला असल्यास प्रेताचा पंचनामा आणि शवचिकित्सेचा अहवाल असतो, साक्षीदारांचे जबाब असतात, गाडीच्या यांत्रिक तपासणीचा दाखला असतो. हे सारे एका दिवसात होत नाही, आणि तपास चालू असताना प्रत्येक कागद कोणाच्याही हाती देणे इष्टही नसते. आरोपीला या कागदांच्या नकला खटल्यापूर्वी विनामूल्य द्याव्यात, हे १९५५ च्या दुरुस्तीने ठरविले. न्यायाला धरूनच ते होते. ज्याच्यावर आरोप आहे त्याला पुरावा कळलाच पाहिजे. परंतु त्यातून एक विलक्षण स्थिती निर्माण झाली. ज्याने गाडी घातली त्याला कागद घरपोच, आणि ज्याच्यावर गाडी घातली गेली त्याला मात्र अर्ज, फी आणि हेलपाटे!

१९७३ च्या नव्या फौजदारी संहितेने या बाबतीत एक पाऊल पुढे टाकले. १ एप्रिल १९७४ पासून अमलात आलेल्या या संहितेच्या १५४ व्या कलमात दुसरे पोटकलम आले: नोंदविलेल्या खबरेची नक्कल खबर देणाऱ्याला तत्काळ आणि विनामूल्य द्यावी. नव्वद वर्षे केवळ सही करून परतणाऱ्या माणसाच्या हाती अखेर कागद पडला.

परंतु या वाक्यातील ‘खबर देणारा’ हा शब्द लक्षपूर्वक वाचला पाहिजे. चोरी झाली तर खबर देतो घरमालक, म्हणजे ज्याचे गेले तोच. अपघातात तसे नसते. ज्याला लागले तो बोलू शकत नाही. त्याचे नातेवाईक कोसभर, कित्येकदा शेकडो मैल दूर असतात. खबर देतो तो वाटसरू, शेजारचा दुकानदार, नाही तर गस्तीवरील हवालदार स्वतः. मग कायद्याच्या अक्षराप्रमाणे नक्कल त्याची. परमुलखात नोकरीस गेलेल्या मजुराचा महामार्गावर मृत्यू झाला आणि वर्दी हवालदाराने दिली, तर त्या मजुराच्या बायकोला कायदा कागद देतो की नाही, याचे सरळ उत्तर या पोटकलमात नव्हते. हे उत्तर येण्यास आणखी अर्धशतक लागले. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ व्या कलमात ‘खबर देणाऱ्याला किंवा पीडिताला’ नक्कल विनामूल्य द्यावी असे शब्द आहेत, आणि पीडित या संज्ञेत मृताचे वारसही येतात. ‘किंवा पीडिताला’ हे दोनच शब्द. परंतु रस्त्यावरील अपघाताच्या दृष्टीने त्या कलमात याहून महत्त्वाचे दुसरे शब्द नसतील. गुन्हा कोठेही घडलेला असो, खबर कोणत्याही ठाण्याने नोंदवून घ्यावी, हद्दीचे कारण सांगून परतवू नये, हेही त्याच कलमाने आता स्पष्ट केले आहे.

या मधल्या पन्नास वर्षांत न्यायालयांनी पुष्कळ काम केले. १९७९ साली, राज्याच्या बसखाली सापडून मेलेल्या माणसाच्या कुटुंबाकडून न्यायाधिकरणात कोर्ट-फी मागण्याचा एका राज्य सरकारचा आग्रह सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला; दारिद्र्यामुळे न्यायाचे दार बंद होता कामा नये, अशी न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांची भूमिका होती. १९८० साली त्यांनीच दुसऱ्या एका निकालात सांगितले, की चालक फौजदारी खटल्यातून सुटला एवढ्यावरून भरपाईचा दावा फेटाळता येत नाही. प्रथम खबरेचे स्थान यावरून समजून घ्यावे. ती म्हणजे निकाल नव्हे, किंवा संपूर्ण पुरावाही नव्हे. ती पहिली नोंद होय. पुढील शोधाला दिशा देणारी आणि हकीकत मागाहून रचलेली नाही, याची ग्वाही देणारी.

मग एक मूलभूत प्रश्न पुढे आला. पीडिताने कागद मागावाच का? पोलिसांनी तो आपण होऊन का पाठवू नये? १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने याचे उत्तर दिले. अपघाताच्या खबरेची किंवा अहवालाची प्रत ठाणे अंमलदाराने न्यायाधिकरणाकडे धाडावी, असे १५८ व्या कलमाच्या सहाव्या पोटकलमात आले. १९८९ च्या नियमांनी त्यासाठी ‘नमुना ५४’ हा ठराविक तक्ता दिला. १९९४ च्या दुरुस्तीने ३० दिवसांची मुदत घातली आणि विमा कंपनीलाही प्रत देण्यास सांगितले. न्यायाधिकरणाने तोच अहवाल भरपाईचा अर्ज म्हणून हाती घ्यावा, अशीही योजना होती. १८५५ चा प्रवाह आणि १८६१ चा प्रवाह येथे, सव्वाशेहून अधिक वर्षांनी, कागदोपत्री तरी एकत्र आले.

कागदोपत्री असे म्हणावयाचे कारण उघड आहे. २००७ साली सर्वोच्च न्यायालयाला सर्व राज्यांना आदेश द्यावा लागला, की या पोटकलमाचे पालन करा. २००९ साली पुन्हा तसाच आदेश द्यावा लागला. कायदा होऊन वीस वर्षे लोटली तरी अनेक ठाण्यांतून नमुना ५४ निघत नव्हता. पोलिसाची शिकवण गुन्हेगाराला पकडण्याची होती. विधवेचा अर्ज तयार करून देणे हेही आपले काम आहे, हे त्याच्या मनात रुजलेले नव्हते. जुन्या सवयी कायद्याच्या पानापेक्षा चिवट असतात.

या कागदाचे आणखी एक अंग आहे, आणि ते अधिक करुण आहे. कागदाचे भय. १९८९ साली सर्वोच्च न्यायालयापुढे एका वृत्तपत्रातील बातमीच्या आधारे एक प्रकरण आले. स्कूटरवरून जाणाऱ्या माणसाला भरधाव मोटारीने उडविले होते. त्याला जवळच्या रुग्णालयात नेले असता, पोलीस-प्रकरणे हाताळण्याचा अधिकार आम्हांस नाही, असे सांगून वीस किलोमीटरवरील दुसऱ्या रुग्णालयाची वाट दाखविण्यात आली. आणि तो वाटेतच मरण पावला. न्यायालयाने निक्षून सांगितले, की प्रत्येक वैद्याचे पहिले कर्तव्य प्राण वाचविणे हे आहे. पोलिसांचे सोपस्कार मागाहून. २०११ साली त्याच न्यायालयाने या विचाराची दुसरी बाजू मांडली. जखमी लेकराला घेऊन आईबाप आधी रुग्णालयात धावतील, ठाण्यावर नव्हे; म्हणून केवळ वर्दीला उशीर झाला एवढ्यावरून दावा खोटा मानू नये. आणि वाटसरूंचे काय? साक्षीच्या फेऱ्यांत अडकू या भीतीने लोक जखमीला हात लावीत नसत. २०१६ च्या निकालाने आणि २०१९ च्या दुरुस्तीने घातलेल्या १३४-अ कलमाने मदत करणाऱ्याला संरक्षण दिले. त्याच्यावर आपली ओळख सांगण्याची सक्ती नाही.

गेल्या काही वर्षांत या व्यवस्थेची गती वाढली आहे. ७ सप्टेंबर २०१६ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की नाजूक स्वरूपाचे गुन्हे वगळून प्रत्येक प्रथम खबर २४ तासांच्या आत पोलिसांच्या संकेतस्थळावर ठेवावी. जेथे जोडणीची अडचण असेल तेथे ही मुदत ७२ तासांपर्यंत वाढविता येते. १ एप्रिल २०२२ पासून नवे केंद्रीय नियम लागू झाले. त्यांनुसार अपघाताची खबर मिळाल्यापासून ४८ तासांत पहिला अहवाल न्यायाधिकरणाकडे जावयाचा, त्याची प्रत पीडिताला आणि विमा कंपनीला द्यावयाची, १० दिवसांत पीडिताला त्याचे हक्क सांगणारा छापील नमुना द्यावयाचा, आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल सादर करावयाचा. डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कामासाठी पोलीस ठाण्यांतून स्वतंत्र पथके नेमण्यास राज्यांना फर्माविले.

गाडी पळून गेली आणि तिचा क्रमांकच कोणी टिपला नाही, तर? त्याही कुटुंबाला कायद्याने १९८२ पासून काही सांत्वन देऊ केले आहे. ती रक्कम प्रारंभी मृत्यूसाठी ५,००० रुपये होती. १ एप्रिल २०२२ पासून ती २ लाख रुपये, आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये झाली. परंतु ही योजनाच पुष्कळांना ठाऊक नसे. म्हणून जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की प्रयत्न करूनही महिनाभरात गाडीचा पत्ता लागला नाही तर पोलिसांनी पीडिताला किंवा त्याच्या वारसांना या भरपाईविषयी लेखी कळवावे. १९३९ च्या कायद्यातील ती न लिहिलेली तिसरी अट, म्हणजे हक्क आहे हे ठाऊक असणे, आता पोलिसांवरील कर्तव्य म्हणून पुढे आली आहे.

एवढे सारे झाले, तरी माणसाने स्वतः काही गोष्टी जाणून असाव्यात हे बरे. वर्दी देताना लिहिलेला मजकूर वाचून दाखवावयास सांगावे, आणि तो आपल्या सांगण्याशी जुळत असेल तरच सही करावी. गाडीचा क्रमांक, जागा, वेळ आणि दिशा या चार गोष्टींत चूक राहू देऊ नये. कारण पुढे त्या दुरुस्त करणे फार कष्टाचे असते. नक्कल त्याच वेळी मागावी. ती विनामूल्य आहे. ठाण्याचे नाव, गुन्ह्याचा क्रमांक आणि तारीख घरातल्या दुसऱ्या माणसाजवळही लिहून ठेवावी. ठाण्याने वर्दी घेण्याचे नाकारले, तर तिचा लेखी मजकूर टपालाने पोलीस अधीक्षकाकडे पाठविण्याचा मार्ग कायद्यानेच ठेवलेला आहे. जिल्ह्याचे विधी सेवा प्राधिकरण स्त्रियांना आणि गरिबांना वकील विनामूल्य देते.

अपघाताचा कागद ठाण्याच्या कपाटातून निघून ज्याच्या घरी आघात झाला त्याच्या हाती पोचावा, यासाठी कायद्याला १८६१ पासून २०२४ पर्यंत वाट चालावी लागली. त्या वाटेचा शेवटचा टप्पा मात्र कोणत्याही संहितेच्या आवाक्यात नाही. तो आहे ठाण्याच्या दारापासून टेबलापर्यंतचा. कपाळावरचे कुंकू कालच पुसलेली एखादी बाई दुसऱ्या मुलखातल्या ठाण्यावर, आपल्याला नीट न येणाऱ्या भाषेत, हा कागद मागावयास येते तेव्हा टेबलाआडचा अंमलदार मान वर करून तिला बसावयास सांगतो की उद्या येण्यास सांगतो, यावर त्या सगळ्या कलमांची किंमत ठरते.